हात लावायचा राहिला

बाजाराच्या दिवशी थॉर्नविकच्या चौकात, लोण्याच्या टोपल्या आणि पिसं उपटून उलटी टांगलेली बदकं यांच्यामधून वाट काढत डॉक्टर अँब्रोज पिकर्सगिल आपल्या कचेरीकडे निघाला होता. एका म्हातारीनं त्याला अडवलं, टोपली खाली ठेवली, उजव्या हाताचा लोकरी मोजा दातानं ओढून काढला, त्याची हॅट जराशी मागं सारली आणि आपला उघडा तळवा त्याच्या कपाळावर टेकवला. नुसता टेकवला. ताप बघणारा हात थोडा थांबतो, अंदाज घेतो. या हाताला काही विचारायचं नव्हतं. त्याला लोण्याचा आणि दगडी कोळशाचा वास होता. "हं," म्हातारी म्हणाली, "झालं." आणि मोजा चढवून, टोपली उचलून ती चालायला लागली. आजूबाजूला कुणी वळूनही पाहिलं नाही. एक बाई अंड्यांचा भाव करत होती, ती करतच राहिली. पिकर्सगिलनं हॅट सरळ केली. मग त्याचं त्यालाच कळलं नाही, पण तो आपल्या डाव्या मनगटावर बोटं ठेवून उभा होता. नाडी होती. जरा भरभर, पण होती.

त्याला तो हात ठाऊक होता, म्हणून तर नाडी बघावीशी वाटली. वर स्केलबेकच्या खोऱ्यात माणूस मेलं की त्याच्या कपाळाला असा हात लावतात. घरचे लावतात, शेजारी लावतात, ज्याचं आयुष्यभर मेलेल्याशी भांडण होतं तोही येऊन लावून जातो, आणि तान्ह्या पोराला कडेवर घेऊन त्याचाही पंजा टेकवतात. हात लावला की सुटलं, मग मेलेलं माणूस स्वप्नात येत नाही. हात राहिला तर येतं. पिकर्सगिल या खोऱ्याचा आरोग्य अधिकारी झाला तेव्हा त्यानं हे ऐकलं, आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तेव्हा त्याचं लक्ष विहिरींकडे होतं. विहीर आणि डुकरांचा गोठा, विहीर आणि संडासाचा खड्डा, उताराच्या कोणत्या बाजूला काय. तो खड्ड्यांवर वाकायचा, पाणी जिभेवर घेऊन थुंकायचा, मागून पोरं नाक धरून चालायची. "मोरीडाक्टर आला," असं म्हणत बाया दारं लावून घ्यायच्या. मग गेल्या हिवाळ्यात घशाचा रोग आला. पोरांच्या घशात करडा पडदा धरायचा, चामड्यासारखा, आणि पोरं आतल्या आत बुडल्यासारखी जायची. पहिलं पोर गेलं, त्याला सगळ्या गल्लीनं हात लावले, वाकून ओठही लावले, आणि महिन्याभरात त्या गल्लीतल्या प्रत्येक दुसऱ्या दाराला काळं फडकं लागलं. तेव्हा त्यानं हुकूम काढला. घशाच्या रोगानं गेलेल्याची पेटी तिथल्या तिथं बंद. कुणीही हात लावायचा नाही. आईनंसुद्धा. हुकूम भिंतीवर चिकटवून भागलं नसतं, कारण भिंतीवरचं वाचणार कोण. म्हणून दरवेळी तो स्वतः जायचा. एका हातात जंतू मारणाऱ्या कार्बोलिकची बाटली, दुसऱ्या हातात पेचकस.

— सदर उपायानंतर रोगाचा प्रसार लक्षणीय रीतीने —

अहवालातली वाक्यं त्याच्या डोक्यात अशी आपणहून सुरू व्हायची. हे वाक्य खरं होतं. रोग खरोखरच उतरला होता.

"केझाया!" तो म्हातारीच्या मागं धावला. केझाया अल्डरसन. खोऱ्यातली बाळंतपणं तीच करायची आणि मेलेल्यांना आंघोळही तीच घालायची. ती वळली, पण त्याच्याकडे बघताना तिची नजर जरा बाजूला पडली. रिकाम्या खुर्चीकडे बघावं तशी.

"हे काय केलंस तू?"

"तुम्हाला राग आला होय?"

"मी जिवंत आहे, बाई."

"ते दिसतंय की. मी काय आंधळी आहे?"

"मग?"

"मग काय! स्वप्नात येता तुम्ही." केझायानं टोपली या हातातून त्या हातात घेतली. "रोज नाही म्हणा. एक दिवसाआड. आता माझ्या वयाला हे झेपत नाही. आज बिस्किटं सांगायला खाली आलेच होते, म्हटलं, घ्यावं उरकून."

बिस्किटं म्हणजे मयताची. खोऱ्यातली माणसं मयताला आलेल्यांना कागदात गुंडाळून, वर काळी लाख लावून ती देतात, आणि ती थॉर्नविकच्याच भटारखान्यातून येतात. पिकर्सगिलच्या अंगावर काटा आला, पण तो आता वेगळा, कामाचा काटा होता. "कुणाची बिस्किटं?"

"टामार रॉच्या लेटीची. काल गेली. घसाच."

"मला कुणी कळवलं कसं नाही?"

"कळवून तुम्ही काय करणार ते ठाऊक होतं ना," केझाया म्हणाली. "संध्याकाळी लोक यायचेत हात लावायला."

त्यानं बग्गी काढली. केझाया न विचारताच शेजारी चढून बसली, वर जायचंच होतं तिला. गाव मागं पडलं, मग झाडं मागं पडली, आणि दोन्ही बाजूंना नुसत्या दगडी कुंपणांच्या रेघा आणि बंद पडलेल्या शिशाच्या खाणींचे करडे ढिगारे उरले. या दिवसांत तिकडचा उजेड उन्हाचा नसतो, ढगांच्या खालच्या बाजूनं येतो, आणि त्यात मेंढ्या दगडांसारख्या दिसतात आणि दगड मेंढ्यांसारखे. पिकर्सगिलला कपाळावरची ती जागा अजून कळत होती. जरा थंड. मेन्थॉलची काडी फिरवावी तशी. हॅट काढून पुसावंसं वाटत होतं, पण तिच्यासमोर नको वाटलं. आपण डॉक्टर आहोत, आपण स्वप्नांना उत्तर देत नाही, असं तो स्वतःला सांगत होता आणि तरी त्यानंच विचारलं.

"स्वप्नात मी करतो काय?"

"काही नाही. चुलीपाशी उभे असता. तो तुमच्या बाटलीचा वास येतो. तेवढंच."

"सगळ्यांना?"

"ज्यांच्या घरच्या पेट्या तुम्ही बंद केल्यात त्या सगळ्यांना. मेट्काफांच्या घरी तर नवरा-बायको दोघांना एकाच रात्री. बायको म्हणते, तो माझ्या बाजूला उभा होता, नवरा म्हणतो, नाही, माझ्या. भांडले सकाळी." ती हसली. "पोरं येत नाहीत कुणाच्या. वाटलं होतं, पोरं येतील, हात राहिले ना. पण तुम्हीच येता. वाईट नव्हतात हो तुम्ही. कामाला पक्के होतात."

होतात. 'आहात' नव्हे. त्यानं लगाम जरा आवळला. घोड्यानं मान झटकली.

"आणि एकटे नाही येत," केझाया म्हणाली. "मागं पोरगी असते."

"कुठली पोरगी?"

"आमच्यातली नाही. आमच्या सगळ्या पोरी माझ्या हातावर झाल्यात, मला कळेल की. करडा फ्रॉक, एक मोजा घसरलेला. तुमच्या कोटाला मागं तो पट्टा आहे बघा, तो मुठीत धरून उभी असते. तोंड दिसत नाही कधी. तुमच्या मागं असते ना."

रस्ता चढाचा होता आणि घोडा पावलागणिक मान खाली घालत होता. त्या मानेकडे बघत राहणं पिकर्सगिलला शक्य होतं, म्हणून तो बघत राहिला. त्याच्या मुलीला, विनीला, कडेवर घ्यायचं वय सरलं तेव्हापासून ती त्याच्या कोटाचा तो पट्टा धरून चालायची. हात देऊ केला तर घ्यायची नाही. पट्टाच. बाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर, घरातल्या घरात अभ्यासिकेपासून जेवणाच्या टेबलापर्यंत, आपण आगगाडीचा डबा आहोत असं समजून. त्याची बायको ऑगस्टा म्हणायची, अगं, सोड, कोट फाटेल, आणि तो म्हणायचा, फाटू दे. त्या हिवाळ्यात तो रोज वर खोऱ्यात जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. आला की मागच्या दारी कपडे काढायचा, हात कोपरापर्यंत धुवायचा, मगच घरात शिरायचा. कोट धुवायचा नाही. कोट बाहेर खुंटीवर टांगून ठेवायचा, वारा लागायला. कोट कोण धुतं? या वाक्यापाशी त्याचं डोकं दरवेळी थांबायचं. तिथून पुढं फक्त अहवालातलं वाक्य यायचं, — संसर्गाचा उगम निश्चित करता आला नाही — आणि तेही अर्धंच राहायचं. थॉर्नविक गावात त्या हिवाळ्यात घशाच्या रोगानं एकच पोर गेलं होतं.

ऑगस्टा मूळची खोऱ्यातलीच, तिथल्या मास्तरांची मुलगी. दिवाणखान्यात विनीची पेटी होती आणि तो पेचकस घेऊन उभा होता, तेव्हा ती म्हणाली होती, "अहो, एकदाच लावू द्या मला हात." तो म्हणाला, नाही लावता येणार. ती म्हणाली, "ओठ नाही लावणार. हात. मग उकळत्या पाण्यात घालते हवा तर." तो म्हणाला, ऑगस्टा, लावता येत असता तर मी नसता का लावू दिला? वरच्या सगळ्या आयांना नाही म्हणालो आणि माझ्या घरात हो म्हणू? त्यानं पेच फिरवायला घेतले. पेच लाकडात फिरताना चिमणीसारखा आवाज करतात. पहिल्या आठवड्यात एकदा ती म्हणाली होती, "हात राहिलाय, म्हणजे निदान स्वप्नात तरी येईल." त्यानंतर रोज सकाळी चहाच्या टेबलावर तो विचारायचा, झोप लागली? ती म्हणायची, लागली. काही? काही नाही. वर्ष उलटलं. काही नाही. ती रात्री लवकर निजायला जायची. पाहुण्यांच्या खोलीत, एकटी, दार किंचित उघडं ठेवून. कुणी यायचं असलं तर अडायला नको.

आणि इथं मेट्काफच्या घरी, शिशाच्या खाणीतल्या माणसाच्या चुलीपाशी, पोरगी उभी. यांच्या कुणाच्या ओळखीची नाही. यांना नकोय ती.

हे ऑगस्टाला सांगायचं? कसं सांगायचं?

स्केलबेकमध्ये बग्गी शिरली तशी दारादारातून माणसं बाहेर आली आणि पुरुषांनी टोप्या काढल्या. पिकर्सगिल इतकी वर्षं इथं येत होता. जिवंत माणसापुढं या खोऱ्यात टोपी काढत नाहीत, जमीनदारापुढंही नाही. केझाया उतरताना कुणाला तरी म्हणाली, "मी उरकलं खालीच." मग तो रॉच्या घराकडे चालत असताना ते एकेक करून आले. कुणी घाई केली नाही. एका म्हाताऱ्यानं हॅट मागं सारली, एका बाईनं पदराआडून हात काढावा तसा शालीतून काढला. खरखरीत, ओला, पिठाचा, एकाचं बोट तुटलेलं. तो मागं सरू शकला असता. ओरडू शकला असता. पण मी मेलेलो नाही, हे वाक्य मोठ्यानं म्हणायचं म्हणजे त्याला काहीतरी पुरावा हवा. मेट्काफच्या बायकोनं हात टेकवला तेव्हा तिच्या खांद्यावरचं पोर त्याच्याकडे बघून हसलं. पोरानं हात लावला नव्हता, म्हणून त्याला तो दिसत होता, असं त्याच्या मनात आलं, आणि ते मनात येण्याचीच त्याला भीती वाटली. कारण ज्यांनी लावला होता ते आता त्याच्यातून पलीकडं बघत होते. त्यांचं काम झालं होतं.

रॉच्या स्वयंपाकघरात पीटचा, चुलीत जाळतात त्या दलदलीतल्या वाळक्या मातीचा, धूर होता आणि टेबलावर पेटी उघडी होती. लेटीचा बाप सिमियन रॉ भिंतीला टेकून उभा होता. टामार खुर्चीत बसली होती, मांडीवर तान्हा. लेटीचे केस विंचरलेले होते आणि हनुवटीखालून रुमाल बांधला होता, दात दुखत असल्यासारखा.

"पेटी बंद करायची," पिकर्सगिल म्हणाला. "हुकूम आहे. कुणीही हात लावायचा नाही."

कुणी ऐकलं नाही. कुणी विरोधही केला नाही. दारातली माणसं हळूहळू आत येत होती, त्याच्या दोन्ही बाजूंनी, खांबाच्या बाजूनं जावं तशी. त्यानं पुन्हा सांगितलं. त्याच्याच कानाला आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला. मेट्काफची बायको पेटीपाशी पोचली होती आणि तिनं पोराला कडेवर वर सरकवलं. पोराचा पंजा लांब झाला. त्या पोराच्या मोठ्या भावाला पिकर्सगिलनंच मागच्या हिवाळ्यात पेटीत घालून बंद केलं होतं. आज हात लागले तर वसंतापर्यंत या खोलीतली किती पोरं राहतील हे त्याला दिसत होतं. बोटावर मोजावी इतकी.

"टामार," तो म्हणाला. "तुझा तान्हा आहे मांडीवर."

टामारनं वर बघितलं. तिनं त्याला हात लावला नव्हता. या खोलीतल्या मोठ्या माणसांत बहुतेक तिनं एकटीनंच.

"दिसतोय मला," ती म्हणाली. "तुमच्या हातचं काम आहे हे, तुम्ही करा. माझ्या नवऱ्याला सांगू नका आणि मला सांगू नका. आमच्या हातून ती बंद व्हायची नाही. या. मारा तुमचे पेच. नाहीतरी रोज रात्री येऊन मारताच."

त्यानं आधी भांडं मागितलं. कुणी दिलं नाही तसं स्वतःच फळीवरून मातीची परात काढली, तिच्यात बाटली ओतली, वर पाणी घातलं. दूध फाटल्यासारखा पांढरा रंग आला आणि तो वास. खोलीतली सगळी माणसं एकदम मागं सरली. वास त्यांच्या ओळखीचा होता. मग त्यानं झाकण उचललं. ते ओल्या लाकडाचं, जड होतं, घाईनं केलेलं. एका बाजूनं ते टेकलं, दुसऱ्या बाजूनं घसरलं, त्याला सावरायला त्याचा उजवा हात आत गेला आणि तळवा जाऊन पडला तो लेटीच्या कपाळावर. पडला आणि राहिला. त्यानं मेलेली माणसं हाताळली होती, कापली होती, शिकत असताना त्यांच्या शेजारी बसून भाकरी खाल्ली होती. हा गारवा त्याला नवा नव्हता. पण तेव्हा हाताला काही काम असायचं. आता हाताला काम नव्हतं. तो नुसता होता. कपाळ लहान होतं, तळव्याखाली पुरतं मावलं, आणि भुवईचे बारीक केस त्याला लागले, आणि आजूबाजूचं धुराचं स्वयंपाकघर जाऊन तिथं दिवाणखाना आला, तसाच पडदा, तशीच पेटी, आणि तिच्यातलं कपाळ केवढं होतं हे आपल्याला ठाऊक नाही, बाप असून ठाऊक नाही, असं त्याला—

झाकण कुणीतरी धरलं. सिमियननं. पिकर्सगिलनं हात बाहेर काढला आणि इतक्या वर्षांची सवय म्हणून तो सरळ परातीत बुडवला, मनगटाच्या वर, बोटं पसरून. बाहेर काढला तेव्हा तो पांढरा दिसत होता आणि त्यावरून पाणी निथळत होतं. पुसायला तो फडकं शोधत होता. टामार उठली. तान्ह्याला तिनं केझायाच्या हातात दिलं, पुढं आली, आणि तो ओला हात दोन्ही हातांनी धरून तिनं आपल्या कपाळाला टेकवला. मग गालाला. डोळे मिटून.

"लेटे," ती म्हणाली. "जा गं बाई. जा आता."

तिनं हात सोडला. तो कशामुळं पुन्हा परातीकडे गेला ते त्याला नंतरही सांगता आलं नसतं. पण त्यानं हात पुन्हा बुडवला, बाहेर काढला आणि पुढं केला. सिमियननं तो घेतला. कपाळाला लावला, लहान मुलासारखा हुंदका दिला. पुन्हा परात. मग मेट्काफची बायको, तिचं पोर. पोरानं पंज्यानं त्याचं बोट धरलं आणि वासानं नाक मुरडलं. सगळे हसले, थोडे. "जा बाई लेटे," "नीट जा गं," "आजीला सांग, छप्पर झालं म्हणून." एकेक जण पुढं येत होता आणि कुणीही त्याच्या तोंडाकडे बघत नव्हतं, सगळे त्या हाताकडे बघत होते, आणि हात पांढरा, सुरकुतलेला, परातीतून येत-जात गार होत गेला, आणि मग पिकर्सगिलला त्यात काहीच कळेनासं झालं. कुणी धरला, कुणी सोडला. मनगटाच्या पुढं कुणी दुसरंच होतं. कार्बोलिकनं चामडी बधिर होते, हे त्याला माहीत होतं. पण ते आत्ता आठवत नव्हतं. त्याला एवढंच कळत होतं की आपल्या बाहीच्या टोकाला एक मेलेली मुलगी आहे आणि ती गावाचा निरोप घेते आहे.

शेवटी पेच त्यानंच मारले. डाव्या हातानं. पेटीच्या आत त्याच्याशिवाय कुणाचाही हात गेला नव्हता.

परतीच्या वाटेवर उतार होता आणि घोडा आपणहून धावत होता. — सदर प्रसंगी असे आढळले की, जंतुनाशक द्रावणात वारंवार बुडवलेल्या हाताच्या मध्यस्थीने लोकांच्या रूढीचे समाधान होऊन — वाक्य पहिल्यांदाच न अडखळता पुढं जात होतं. शेजारच्या खोऱ्यांतही हे करता येईल. नुसता आपलाच हात कशाला, लोकांचे स्वतःचे हात बुडवून घेतले तरी चालेल, लावण्याआधी आणि लावल्यावर, ओठ मात्र नाहीत. म्हणजे कुणाला नाही म्हणायलाच नको. त्याला मोठ्यानं बोलावंसं वाटत होतं. कोटाचा पट्टा मागं बग्गीच्या कडेला कशात तरी अडकला असावा, किंचित ताण लागत होता. त्यानं वळून पाहिलं नाही. उजवा हात त्यानं मांडीवर उताणा ठेवला होता. तो अजून गरम झाला नव्हता.

दिवे लागायच्या वेळी तो घरी पोचला. मागच्या दारानं न जाता पुढच्याच दारानं आत शिरला. ऑगस्टा दिवाणखान्यात खिडकीपाशी होती. तो कोटासकट तिच्यासमोर उभा राहिला आणि सांगत सुटला, झाकण कसं घसरलं, परात, टामार, सगळं गाव कसं एकेक करून आलं, पोर कसं नाक मुरडून हसलं. इतकं सलग तो तिच्याशी वर्षभरात बोलला नव्हता. ऑगस्टा ऐकत होती. मध्येच तिनं त्याचा हात उचलून उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला, पांढऱ्या पडलेल्या चामडीवरून अंगठा फिरवला.

"लेटीला लावलात?" तिनं विचारलं. "मग धुतलात."

"हो! तेवढंच. एवढी साधी गोष्ट, ऑगस्टा, आणि कुणाला काही—"

तिनं त्याचा हात अलगद त्याच्या बाजूला सोडून दिला.

"म्हणजे," ती म्हणाली, "लावता येत होता."